डावीकडचे शेवटचे पाऊल

चषकाच्या त्या मोसमात उपांत्य फेरीपर्यंत अनिकेतवर पाच गोल झाले. पाचही त्याच्या डाव्या हाताला, जमिनीलगत, खांबाच्या हातभर आत. दुसऱ्या फेरीतला सामना बरोबरीत सुटून पेनल्टीच्या फटक्यांवर गेला, तेव्हा त्याच बाजूला, तितक्याच खाली आलेले दोन फटके त्याने अडवले.

अनिकेत माझा धाकटा भाऊ. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती त्याच्याकडून नव्हे, साईनाथकडून. आणि अनिकेत माझा कोण हे साईनाथला ठाऊक नव्हते. आटगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे साईनाथ दाबमापकांच्या टेबलावर बसतो. दुपारच्या सुट्टीत त्याने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. आदल्या संध्याकाळचा, उपांत्यपूर्व फेरीतला सामना. "हा गोली बघा, श्वेता मॅडम," घास चावता चावता तो म्हणाला, "तुमच्या मुरबाडकडचा आहे म्हणे. वरचे बॉल काय काढतो! मांजर आहे मांजर. पण डावीकडे खाली मारा, खल्लास. आता सगळ्या टीमना माहीत झालंय. सेमीला बघा, तिथेच मारणार." पडद्यावर बोटभर उंचीचा अनिकेत डावीकडे झुकला, चेंडू त्याच्या बोटांपुढून आत गेला, आणि साईनाथने तो क्षण मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा झुकला, पुन्हा गेला. तो माझा भाऊ आहे असे मी म्हणाले नाही. का म्हणाले नाही याचा विचार मी नंतर केला. जे साधन तपासायला टेबलावर आले आहे त्याच्याशी आपले नाते सांगू नये, अशी काहीतरी ती सवय असावी. हातातल्या चमच्याचा दांडा अंगठ्यात रुतत होता आणि तो सोडावा हे मला बराच वेळ सुचले नाही.

आमच्या कामात चुकीचे दोन प्रकार आम्ही वेगळे धरतो. एक चूक कुठेही पडते. काटा कधी थोडा वर दाखवतो, कधी थोडा खाली. तिला आम्ही फारसे महत्त्व देत नाही, कारण पुरेशी मापे घेतली की ती आपली आपण मिटते. दुसरी चूक नेहमी एकाच बाजूला पडते. ती कितीही मापे घेतली तरी मिटत नाही. तिला कारण असते, आणि ते कारण बहुधा साधनात नसून ते जिथे बनले, जिथे पहिल्यांदा लावले गेले, तिथे असते. हे मी नव्या मुलांना दर वर्षी शिकवते. त्या दुपारी उरलेल्या वेळात मी एकाही मापकाच्या काट्याकडे सरळ पाहू शकले नाही. प्रत्येक काटा डावीकडे झुकल्यासारखा वाटत होता. अर्थात तसा तो नव्हता.

संध्याकाळी शहापूरच्या खोलीवरून मी त्याला फोन लावला. संघ गुवाहाटीला होता. मागे कुणीतरी हिंदी गाणे मोठ्याने लावले होते. अनिकेत दार लावून बाहेर आला असावा, कारण गाणे एकदम विझले. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "ताई, कोच बोलला आज."

"काय म्हणाला?"

"सेमीला मलाच उभा करतो बोलला. पण तिकडनं अजून एक गेला तर पुढल्या सीझनला दुसरा गोली बघणार. माझा करार पण इथंच संपतो ना. मग कुठला क्लब घेतंय? सगळे व्हिडिओ बघतात."

"डोळे तपासलेस?"

"तपासले. एकदम ओके."

"डावा घोटा?"

"घोट्याला काय नाय झालं. तू डॉक्टरसारखी नको ना इचारू."

"मग काय होतं ते तू सांग. मी काही विचारत नाही."

त्याच्या श्वासाचा आवाज आला. लहानपणी तो खोटे बोलायच्या आधी असा श्वास घ्यायचा, आणि अगदी खरे बोलायच्या आधीही. "बॉल दिसतो," तो म्हणाला. "टाइमवर दिसतो. मी निघतो पण. आणि मग पायच पडत नाय गो पुढं. शेवटचं पाऊल. मागनं कोणी शर्ट धरल्यासारखं. प्रॅक्टिसला बरोबर पडतो, त्याचीच तर बोंब आहे. कोच म्हणतो, तू मॅचला घाबरतोस. मी घाबरतो काय, ताई?"

भावाला धीर द्यायला हवा होता हे मला कळत होते. पण तो घाबरत नाही असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय धीर देणे मला कधी जमलेले नाही. "मी बघते," एवढेच मी म्हणाले. तो हसला. "बघ बघ. तुझ्या काट्यावर ठेव मला."

त्या आठवड्यात मी पाचही गोल एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. दिसले ते असे. डोके वेळेवर वळते. खांदा वेळेवर खाली येतो. उजवा पाय जमीन ढकलतो. मग डावा पाय बाहेर पडायला हवा, आणि पडतोही, पण जिथे पडायला हवा त्याच्या वीतभर आधी. त्यामुळे झेप सुरू होतानाच आखूड होते आणि बोटे चेंडूपर्यंत पोचत नाहीत. डावीकडेच पण उंच आलेल्या चेंडूंवर हे होत नव्हते. तिथे तो सरळ वर उडे आणि होता तिथेच खाली येई. उजवीकडे कधीच होत नव्हते. सरावात होत नव्हते, कारण सरावात चेंडू कुठे येणार हे कोच ओरडून सांगतो. आणि पेनल्टीच्या फटक्यांवर होत नव्हते, कारण तिथे गोलरक्षक फटक्याच्या आधीच बाजू ठरवून ठेवतो. म्हणजे ठरवून तो डावीकडे जाऊ शकत होता. न ठरवता जाऊ शकत नव्हता. दोष डोळ्यांत नव्हता, स्नायूंत नव्हता, आणि भीतीतही नसावा, कारण पेनल्टीच्या फटक्यांहून भीतीची वेळ खेळात दुसरी नाही. विचार करायला सवड नसते तेव्हा शरीर जे सर्वांत जुने ठाऊक असते ते करते. मग सर्वांत जुने काय? अनिकेतला चेंडू अडवायला कोणत्याही कोचने शिकवले नव्हते. तो शिकला तो मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात, गुरचरणाच्या मोकळ्या जागेत, दोन मेढी रोवून केलेल्या एका गोलात.

उपांत्य सामना रविवारी संध्याकाळी होता. मी सकाळीच शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडची एसटी पकडली, आणि मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. आजोबांना त्यांचा नातू पडद्यावर दाखवायचा, असे मी स्वतःला कारण दिले होते. पिशवीत मात्र वीस मीटरची टेप होती. जीपमध्ये म्हशाच्या जत्रेला निघालेले लोक कोंबलेले होते, आणि कुणाच्या तरी मांडीवर विकायला नेलेल्या बैलांच्या नव्या घुंगुरमाळांचा ढीग होता. प्रत्येक खड्ड्याला तो वाजे. अनिकेतचा पहिला चेंडू याच जत्रेतला. आजोबांनी आणला होता, लाल रबराचा, आणि तो पहिल्याच दिवशी करवंदीच्या काट्यावर फुटला. दुसरा शाळेच्या गुरुजींनी दिला. मला त्या दिवसांतले बाकी फार आठवत नाही. मी मोठी होते, माझा अभ्यास असे. ओट्यावर पुस्तक घेऊन मी बसायची आणि समोर गुरचरणात मुले ओरडत असायची. एक आवाज मात्र पक्का आठवतो. माझ्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांचा खोकला. एकच, कोरडा, जोरात. तो मुले खेळत असताना संध्याकाळी यायचा, रात्री नाही, थंडीतही विशेष नाही. बाबांनी त्यांना मुरबाडच्या डॉक्टरकडे नेले तेव्हा डॉक्टरने छाती तपासून ती स्वच्छ असल्याचे सांगितले होते. गुरे परतण्याच्या वेळची धूळ, असे मी तेव्हा निदान केले. मी दहावीत होते आणि मला निदान करायला आवडे.

आई-बाबा आता कल्याणला असतात. आजोबा, केरू, गाव सोडत नाहीत. ओट्यावर त्याच भिंतीला टेकून बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरीर वाळून दोरासारखे झाले होते, पण दाढी केलेली होती आणि सदरा इस्त्रीचा होता. सदऱ्याला इस्त्री नसली तर ते घराबाहेर पडत नाहीत. "अन्याचा खेळ आज हाय ना?" त्यांनी विचारले. "दाखव. मेलो तर म्हणशील, आज्यानं बघितलाच नाय." मी म्हटले, दाखवते, अजून अवकाश आहे, आणि टेप घेऊन गुरचरणाकडे निघाले.

ओमकार तिथे होता. आमच्या वस्तीच्या पलीकडे त्यांचे घर. अनिकेतच्याच वयाचा, त्याच्याच वर्गातला, आता मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रावर काम करतो. गुरचरणाला लागून त्यांचे खळे आहे. देवजीचे खळे असे त्याला अजून म्हणतात. देवजी ओमकारचा पणजोबा. आता भात यंत्राने झोडतात, त्यामुळे खळे कुणी सारवत नाही. मध्ये बैल फिरवायचा तिवडा तेवढा उभा होता आणि त्याला ओमकारची मोटारसायकल टेकलेली होती. भोवती घोट्याएवढ्या उंचीच्या दगडांचे कडे.

"काय गो श्वेताताई, जमीन मोजाय आलीस?" तो म्हणाला. "तलाठ्याला सांगितलंस काय? नायतर उद्या म्हणेल, केरूबाबाच्या नातीनं गुरचरण लाटलं."

"गोल कुठे होता दाखव."

त्याला दाखवावे लागले नाही असेच म्हणायला हवे. मेढींची भोके अजून बुजली नव्हती. गोलरक्षक म्हणून उभे राहिले की डावीकडची मेढ खळ्याच्या दगडांपासून वीतभर अंतरावर येत होती. मुले एकाच गोलवर खेळत. बाकी सगळीकडे जमीन चढ होती, म्हणून गोल हलवायला दुसरी जागा नव्हती. टेपचे टोक घेऊन ओमकार कड्याच्या आत गेला, डबी मी धरली, आणि मी आकडे वाचत गेले. डावीकडे खाली पूर्ण झेप घेणारे शरीर कुठे पडेल? मेढीच्या पलीकडे, कंबरेपासून वरचा भाग कड्याच्या आत. माझ्या अंगावरून एक थंड समाधान गेले. शरीर दगडांवर पडेल. लहान मूल दगडांवर पडायला शिकत नाही, पाऊल आखडायला शिकते. इतके साधे. मी टेप गुंडाळू लागले.

"तू पण इथे उभा राहायचास ना आळीपाळीने?" शेवटची खात्री म्हणून मी विचारले. "डावीकडे पडायचास का?"

"पडायचो म्हंजे?" ओमकारने पँट वर करून गुडघा दाखवला, त्यावर पांढरा, जुना, वाटोळा डाग होता. "ही सगळी ढोपरं इथंच फोडली. आई हळद लावून लावून थकली." आणि मी काही म्हणायच्या आत तो गोलात जाऊन उभा राहिला, नसलेल्या चेंडूकडे पाहत डावीकडे सुटला आणि दगडांच्या कड्यावरून थेट खळ्यात जाऊन आदळला. धूळ झटकत हसत उठला. "बघ. अजून पण जमतं. टीमला सांग, गोली पायजे तर मी हाय. पगार कमी घेईन."

तेच मैदान, तीच मेढ, तेच दगड, तेच वय. एक मुलगा पडत होता, दुसरा पडत नव्हता. इतकी नेटकी तुलना मला प्रयोगशाळेतही क्वचित मिळते. टेप माझ्या हातात अर्धवट गुंडाळलेली राहिली. आता दोघांमध्ये फरक म्हणून जे उरत होते ते मला मोजायचे नव्हते.

"आणि अनिकेत?"

"अन्या? अन्या कधीच नाय पडला तिकडं. तिकडनं बॉल गेला की उभाच. आमी मग तिकडंच मारायचो ना. खळ्यात गेलेला बॉल पण मीच आणून द्यायचो. नवाब होता तो."

म्हणजे साईनाथला जे आठवड्यापूर्वी कळले आणि देशभरच्या संघांना जे या मोसमात कळले, ते ओमकारला दहाव्या वर्षी ठाऊक होते. "ओमकार," मी म्हटले, "त्याला खळ्यात यायला कुणी मनाई केली होती का?"

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू लगेच गेले नाही. जागा न सापडून तिथेच थांबले. "कोणी? आमी?"

"विचारते आहे."

"ताई, माझी आजी इथं बसून वाल सोलायची. रोज हाक मारायची, ये रे अन्या, बस आत, खा. तो तिथनंच हात पुढं करायचा. त्या दगडांच्या बाहेरनं." त्याने पँटवरची धूळ पुन्हा झटकली. "तू मला असं इचारतेस? एका ताटात जेवलोय आमी."

"म्हणून विचारते. तुमच्या घरात यायचा तो?"

"घरात? चुलीपर्यंत. माझ्या आधी भाकरी तोच मागायचा."

मी त्याच्याकडे पाहिले नाही. त्याला दुखावले होते आणि ते मला दिसत होते. पण त्याच वेळी माझ्या डोक्यातला तो कोरडा भाग आपले काम करत होता, आणि त्याबद्दल मला लाजही वाटत होती. मनाई असती तर ती चुलीपासून सुरू झाली असती. घर उघडे आणि खळे बंद, अशी मनाई मी कुठे ऐकली नव्हती. शिवाय मनाई करणाऱ्याकडून येते, आणि इथे हाक येत होती. अडवणारी बाजू खळ्याची नव्हती. मग दगडांच्या बाहेर, आमच्या बाजूला, काय होते? मी मागे वळून पाहिले. गुरचरण होते, आमच्या घराचा ओटा होता, आणि ओट्यावर भिंतीला टेकलेले आजोबा आमच्याकडे पाहत होते.

सामना सुरू व्हायच्या वेळी ओमकार आपला मोठा मोबाइल घेऊन आला. मनात काही ठेवले नाही हे दाखवायला त्याने येताना शेंगा आणल्या होत्या. ओट्यावर पाण्याच्या कळशीला टेकवून मोबाइल उभा केला. आजोबा पुढे सरकले. "ह्यातला अन्या कुठला?" ओमकार म्हणाला, "हिरवा शर्ट, बाबा. गोलात." आजोबांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "जाडा झालाय."

पहिली वीसेक मिनिटे काही घडले नाही, आणि तेच असह्य होते. समोरच्या संघाचा प्रत्येक खेळाडू चेंडू पायात आला की अनिकेतच्या डावीकडे पाहत होता; निदान मला तसे दिसत होते. त्यांच्या आघाडीच्या एका मुलाने लांबून उंच फटका मारला, तो अनिकेतने वरच्या वर काढला, ओमकार ओरडला. मग पहिल्यांदा तो चेंडू आला. खाली, डावीकडे, सरपटत. माझ्या कानामागे आजोबा खोकले. एकच, कोरडा, जोरात. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. ओमकारने सोडलेला श्वास मला ऐकू आला. अनिकेत जिथे उभा होता तिथून तो नीटसा निघालाही नव्हता.

मी तो खोकला ऐकला आणि बाजूला ठेवला, जसे आपण एक विचित्र माप बाजूला ठेवतो. मध्यंतरानंतर अनिकेतच्या संघाने गोल केला. आजोबांनी "आता झालं ना?" असे विचारले आणि ओमकार त्यांना समजावू लागला की अजून बराच खेळ बाकी आहे. तो समजावत असतानाच, बोलण्याच्या मध्येच, आजोबांना खोकला आला. पडद्यावर चेंडू डावीकडे खाली आला होता. अनिकेत झुकला, पोचला नाही, आणि चेंडू खांबाला लागून परत आला. खोकला आधी, चेंडू नंतर. या वेळी मी पडद्याकडे पाहणे थांबवले. मी आजोबांकडे पाहू लागले. माझ्या भावाच्या नोकरीचा निकाल लागत होता आणि मी एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्याकडे पाहत बसले होते. उजवीकडून हल्ला झाला. ते शेंग सोलत राहिले. उंच चेंडू आला. ते शेंग सोलत राहिले. कॉर्नर झाला, गर्दी झाली, ओमकार उभा राहिला. ते शेंग सोलत होते. खेळ संपायला थोडा वेळ उरला असताना त्यांचा हात थांबला, मान किंचित वर आली, गळ्याची गाठ हलली आणि ते खोकले. मग पडद्यातून गर्दीचा आवाज आला, आणि ओमकारने कपाळावर हात मारून शिवी दिली. मी वळून पाहिले नाही. तो कुठून गेला हे मला ठाऊक होते.

जादा वेळेत तसाच दुसरा गेला. सामना संपला. अनिकेत गुडघ्यांवर बसला होता, हातमोजे काढत होता, आणि कोच त्याच्याजवळ न थांबता पुढे गेला. ओमकार मोबाइल उचलून, पडद्यावर पालथा हात ठेवून, ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला.

"आजोबा," मी म्हटले, "तुम्ही का खोकलात?"

"कधी?"

"आत्ता. प्रत्येक वेळी. तो डावीकडे निघाला की."

त्यांनी सालपटे ओंजळीत गोळा केली. "सवय," ते म्हणाले. "पोर तिकडं गेलं की येतो. तुमी ल्हान व्हतात, तेव्हापासनं."

"तिकडे म्हणजे खळ्याकडे?"

ओमकार पायरीवर होता. आजोबांनी त्याच्या पाठीकडे पाहिले, आणि मग, तो ऐकतो आहे हे ठाऊक असूनच, बोलू लागले. त्यांचा आवाज सांगण्याचा नव्हता, साक्ष देण्याचा होता. "छप्पन्नच्या पुढल्या साली. मी दहाचा असन. आमी धर्म घेतला व्हता. त्याच्या आधी माझा बाप, राघो, दर साली ह्या खळ्याच्या दगडांबाहेर कापड पसरून उभा ऱ्हायचा. देवजी आतनं सुपानं भात टाकायचा. भात लांबनं टाकायचा, म्हंजे निम्मा धुळीत. मी तो येचायचो. त्या साली देवजीनं सांगावा धाडला. आमी गेलो. बापानं कापड नव्हतं नेलं. देवजी माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, राघो, आता दिस बदलले, ये, आत ये, खळ्यात बस, हातानं घे. खरंच बोलावलंन. मला वाटलं, बाप जाणार. मी पाय उचलला पण. बापानं माझा दंड धरलान. म्हणाला, देवजी, लय साल बाहेर उभं केलंस. आता ह्या खळ्याला माझा पाय लागणार नाय. माझ्या पोराचा नाय, त्याच्या पोराचा नाय. घरात बोलव, येऊ. इथं नाय."

"तुम्ही हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत."

"कशाला सांगू? पोरांच्या डोक्यात इख कशाला? तुमी एका ठिकाणी खेळणार, जेवणार." सालपटे त्यांनी ओट्याखाली टाकली. "मी कोणाला कधी बोललो नाय. खोकलो फक्त."

ओमकार उठला. त्याला काही म्हणायचे असावे. तो एकदा खळ्याकडे पाहून, एकदा आजोबांकडे पाहून, "मला पण कोणी नाय सांगितलं," एवढेच म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने आजोबांनी विचारले, "पोराची नोकरी गेली काय?" मी म्हटले, "बहुतेक." त्यांनी मान हलवली. त्यांना पश्चात्ताप झाला असे मला म्हणता येणार नाही. तसे दिसले नाही. एका खऱ्या शब्दाची किंमत उशिरा आणि भलत्याच माणसाकडून वसूल झाल्याचे ऐकावे, तसे ते बसून होते. "चांगला खेळतो," ते म्हणाले. "वरचे बॉल सगळे काढलेन."

अंधार पडायच्या आधी अनिकेतचा फोन आला. कोचने बोलून टाकले होते. तो रडत नव्हता. आवाज सपाट होता. "कळलं काय तुला?" त्याने विचारले. "घाबरतो ना मी?"

"नाही," मी म्हणाले, आणि या वेळी माझ्याकडे पुरावा होता. "सांगते. नीट ऐक."

कारण असे. छप्पन्नच्या पुढल्या हंगामात आमच्या पणजोबांनी देवजीच्या खळ्याला आपला आणि आपल्या पोरांचा पाय लागणार नाही असे सांगितले. आजोबांनी ते पाळले आणि न सांगता आमच्याकडून पाळून घेतले. मूल खळ्याच्या कडेला गेले की ते खोकत. अनिकेत ज्या गोलात शिकला त्याची डावी मेढ त्या खळ्यापासून वीतभर होती. डावीकडे खाली झेप घेतली तर अंग खळ्यात पडले असते. म्हणून तो शेवटचे पाऊल आखूड टाकायला शिकला. विचार करायला सवड असली की ते पाऊल पुरे पडते. नसली की पडत नाही. दुपारी मैदान मोजताना कड्याच्या आतली मापे मी स्वतः घेतली नाहीत. टेपचे टोक ओमकारच्या हातात देऊन मी बाहेर उभी होते.